स्लॅब रोलर: एक कड पातळ, एक जाड, वर कॅनव्हासला सुरकुत्या. सुरुवात कुठून करू?

कुंडीवाली

मातीच्या सपाट लाद्या (स्लॅब) लाटायचं मशीन इथल्याच एका फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतलेलं, २४ इंची, हाताने फिरवायचं. माती वर-खाली कॅनव्हास घालून दोन रोलरच्या फटीतून काढायची. दोन रोलर, दोन्ही ३ इंची लोखंडी पाइपचे. खालचा रोलर चेनने चाकाला जोडलेला आहे, वरचा मोकळा फिरतो. जाडी बदलायला दोन्ही बाजूंना एकेक उभा स्क्रू आहे. दोन्ही स्क्रूंच्या डोक्यावरची स्प्रॉकेट्स (चेनची दातेरी चाकं) एका लहान चेनने जोडलेली, म्हणजे एक फिरवला की दुसरा सोबत फिरतो.

जागा बदलली, मशीन टेम्पोतून आणलं, आता शहाबादी फरशीवर उभं आहे. तेव्हापासून:

साडेसात मिमीचा स्लॅब काढला की डावीकडे ६.९ आणि उजवीकडे ७.८ भरतो. व्हर्नियरने मापलंय, मापाच्या दोन जागांमध्ये ४५ सेंमी अंतर आहे. स्लॅब सरळ बाहेर येत नाही, पुढचं टोक उजवीकडे वळतं. शिवाय वरच्या कॅनव्हासला आडव्या सुरकुत्या पडून त्यांच्या रेघा मातीत उमटतात.

माती स्टोनवेअर (जास्त तापमानाला भाजायची), ग्रॉगवाली (भाजलेल्या मातीचा चुरा घातलेली). भाजून ६ इंची राहतील अशा टाइल्स करायच्या आहेत. वाळताना कोपरे उचलतात, तेही मशीनमुळेच का? चेनला भरपूर ग्रीस चोपडून पाहिलं, काही फरक नाही.

लेथवरचा

तुमच्या पहिल्या दोन तक्रारी म्हणजे एकच तक्रार आहे. पोळी लाटताना एका हाताचा जोर जास्त पडला की ती त्या बाजूला लांबते, तसंच. डावीकडे फट कमी, म्हणून माती तिथे जास्त दाबली जाते आणि जास्त लांबते. उजवी बाजू मागे राहते आणि स्लॅब केळ्यासारखा उजवीकडे वाकतो. बाकदार स्लॅबची बाहेरची कड नेहमी पातळ भरते. व्हर्नियर हाताशी नसला तरी यावरून कुठली बाजू घट्ट आहे ते ओळखता येतं. दोन्ही बाजूंची फट सारखी झाली की वळणं आपोआप थांबेल.

पण स्क्रूला लगेच हात लावू नका. मशीन हलवल्यावर बिघडलं म्हणता, तर आधी फ्रेम बघा. शहाबादी फरशी क्वचितच एका पातळीत असते. चारही पायांखाली पोस्टकार्ड सरकवून पाहा. ज्या पायाखाली ते सहज जातं, तो पाय अधांतरी आहे. चाकाला जोर लावला की मशीन त्या कोपऱ्यावर बसतं, फ्रेम पिळली जाते आणि रोलर एकमेकांना समांतर राहत नाहीत. पीळ बघायचा सोपा उपाय: फ्रेमच्या चार कोपऱ्यांवरून दोन दोरे तिरके, फुलीसारखे ताणा. मध्ये जिथे ते एकमेकांवरून जातात तिथे जेमतेम टेकले पाहिजेत. मग खालचा दोरा वर, वरचा खाली असं करून परत बघा. दोन्ही वेळा जेमतेम टेकले तर पीळ नाही. एका वेळी मध्ये फट आणि दुसऱ्या वेळी एक दोरा दुसऱ्यावर दाबून बसतोय, तर पीळ आहे. अधांतरी पायाखाली पत्र्याचे तुकडे भरा, लाकडाची पाचर नको, ती पावसाळ्यात फुगते. चारही पाय टेकले की मगच पुढचं.

आता फट. दोन्ही कॅनव्हास काढून टाका. ६ मिमीची दोन नवी ड्रिल बिट घ्या, एकाच कंपनीची. त्यांचे गुळगुळीत दांडे रोलरच्या दोन्ही टोकांना, कडेपासून साधारण ५ सेंमी आत, दोन रोलरच्या मधोमध धरा आणि वरचा रोलर हळूहळू उतरवा. एक दांडा आवळला जाईल आणि दुसरा हलत राहील. दांडा नेमका ६.०० नसला तरी हरकत नाही, दोन्ही सारखे असले की झालं.

किती फिरवायचं याचा अंदाज तुमच्या आकड्यांवरूनच काढता येतो. ४५ सेंमीत ०.९ मिमीचा फरक आहे. दोन स्क्रूंमधलं अंतर मोजा. २४ इंची मशीनला ते बहुधा ७० सेंमीच्या आसपास भरेल. मग स्क्रूपाशी फरक झाला ०.९ × ७० ÷ ४५ = १.४ मिमी. स्क्रू एम-१६, म्हणजे १६ मिमी व्यासाचा, असेल (साधारण तोच वापरतात) तर त्याचा आटा २ मिमीचा, म्हणजे पूर्ण फेऱ्याला रोलर २ मिमी सरकतो. १.४ मिमीसाठी ०.७ फेरा. वरचं स्प्रॉकेट १६ दात्यांचं असेल तर एका दात्याला ०.१२५ मिमी, म्हणजे ११ दाते. लहान चेन काढा, उजवा स्क्रू तसाच ठेवा, डावा ११ दाते वर घ्या, चेन परत चढवा, ड्रिलचे दांडे लावून खात्री करा.

११ दाते म्हणजे चेन एखादा दाता चुकून बसली असं नव्हे. बहुतेक एका स्प्रॉकेटचा ग्रब स्क्रू (त्याला शाफ्टवर आवळून धरणारा बिनडोक्याचा छोटा स्क्रू) ढिला होऊन स्प्रॉकेट शाफ्टवर फिरलंय. ग्रब स्क्रू काढा, त्याच्या खाली शाफ्टवर कानशीने छोटा सपाट भाग करा, मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावायच्या द्रवाचा) एक थेंब टाकून परत आवळा. नंतर स्प्रॉकेट आणि शाफ्ट दोन्हींवरून जाईल अशी नेलपॉलिशची एक रेघ ओढा. पुढे कधी रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसले की समजायचं, स्प्रॉकेट पुन्हा घसरलं.

मांजरपाट

सुरकुत्यांचं कारण निराळं असू शकतं. वरचा रोलर मोकळा आहे म्हणता, म्हणजे त्याला कॅनव्हासच फिरवतं. त्याचं बेअरिंग गंजून जड झालं असेल तर वरचं कॅनव्हास मागे ओढलं जातं आणि खालचं पुढे जातं. मग वरच्या कापडाला रोलरच्या अलीकडे घडी पडते. मधे काही न घालता वरचा रोलर एका बोटाने ढकलून बघा. नवीन ग्रीस असेल तर तो गरगर फिरणार नाही, पण अडखळत किंवा खरखर करत फिरला तर बेअरिंग बदला. उगाच तेल सोडत बसू नका.

बेअरिंग ठीक असेल तर मात्र दोष लाटण्याच्या पद्धतीत आहे. माती लांबते, कापड लांबत नाही, आणि ओली माती कापडाला चिकटून बसते. एकाच फेरीत ३० मिमीची माती ७ वर आणायला गेलात तर कुठेतरी कापड गोळा होणारच. दर फेरीनंतर वरचं कॅनव्हास पूर्ण सोलून काढायचं, स्लॅब पालथा करायचा, आता वर आलेलं कॅनव्हासही सोलायचं, दोन्ही कापडं हाताने सपाट करून परत घालायची. हे टाळलं की सुरकुत्या ठरलेल्या.

कापड बिनरंगाचं, बिनप्रायमरचं सुती डक (जाड कॅनव्हास) घ्या, १० ते १२ औंसाचं. शिवण्याआधी गरम पाण्यात धुऊन आटवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यातच ते वेडंवाकडं होतं. लाटायच्या भागात शिवण किंवा दुमड कुठेच नको, तिची रेघ स्लॅबवर उमटते. कडेचे धागे सुटू नयेत म्हणून नागमोडी कात्रीने कापा. कापड रोलरपेक्षा ५ सेंमी तरी अरुंद ठेवा, नाहीतर कडा बेअरिंगच्या ग्रीसला घासतात. तेलकट डाग पडलेल्या कापडाने लाटलेल्या मातीवर पुढे स्लिप (तुकडे जोडायला लावायची पातळ माती) धरत नाही आणि सांधे सुटतात. आत घालताना दोन्ही कापडांच्या पुढच्या कडा जुळवून, रोलरला काटकोनात घाला.

दोन जोड्या ठेवा. एक वापरात, एक दोरीवर वाळत. ओलं कापड घडी करून ठेवलं की दोन दिवसांत काळी बुरशी. धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात भिजवून उन्हात टाका. ब्लीच नको, सुताचा जीव जातो. आणि वाळलेलं कापड कधीही झटकायचं नाही. झटकलं की उडते ती सिलिकाची धूळ, आणि ती फुप्फुसात साठते. बादलीत बुडवून धुवायचं, मशीनखालची जमीनही ओल्या फडक्याने पुसायची, झाडू मारायचा नाही.

विणीचा ठसा नको असेल तर शेवटच्या फेरीला शिंप्यांच्या दुकानात मिळणारं न विणलेलं इंटरलायनिंग घाला, न चिकटणारं. मागून इस्त्रीने चिकटतं ते घेऊ नका.

कुंडीवाली

आभार दोघांचेही. उजवा मागचा पाय खरंच अधांतरी होता, खाली दोन पत्रे गेले. स्क्रूंमधलं अंतर ७० सेंमीच आहे, स्प्रॉकेट १६ दात्यांचं. डाव्या स्प्रॉकेटचा ग्रब स्क्रू बोटाने फिरत होता! वरच्या रोलरचं उजवं बेअरिंग खरखरत होतं, ते बदललं. सुरकुत्या जवळजवळ गेल्या.

आता ड्रिलचे दांडे दोन्हीकडे सारखेच आवळतात. तरीही स्लॅब डावीकडे ७.२ आणि उजवीकडे ७.५ भरतोय. रिकाम्या मशीनमध्ये सारखं आणि मातीत वेगळं, असं कसं?

लेथवरचा

कारण रिकाम्या मशीनमध्ये वरचा रोलर स्वतःच्या वजनाने खाली बसलेला असतो. माती आत गेली की ती त्याला वर उचलते. स्क्रू आणि नट यांच्यात जितकी चाल (मोकळी हालचाल) असेल तितका तो वर जातो. उजवीकडची चाल डावीपेक्षा जास्त असणार.

बघायचं असं: खालच्या रोलरवर फडकं टाका, त्यावर लाकडाची पट्टी टेकवून वरचा रोलर एका टोकाला उचला, सोडा, परत उचला. डायल गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं) असेल तर लावा. नसेल तर रोलरच्या शाफ्टला टेकेल अशी तार फ्रेमला बांधा आणि किती फट पडते ते फीलर गेजच्या (ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्यांच्या) पानांनी मापा. तुमच्या आकड्यांवरून दोन बाजूंतला फरक ०.४-०.५ मिमीच्या आसपास यायला हवा (०.३ × ७० ÷ ४५).

उपाय दोन. नटाचा आटा झिजला असेल तर टर्नरकडून पितळी नट करून घ्या. लोखंडी स्क्रूवर लोखंडी नट ठेवला की स्क्रूच झिजतो, पितळेचा ठेवला की नट झिजतो, आणि नट बदलणं स्वस्त पडतं. दुसरा उपाय, जो मला जास्त पटतो, तो म्हणजे वरच्या रोलरच्या दोन्ही सरकत्या ब्लॉकखाली एकेक दाबाची स्प्रिंग. ती रोलरला कायम वर ढकलत ठेवते. चाल असली तरी ती आधीच माती ढकलते त्याच दिशेला संपलेली असते, म्हणून रिकामं माप आणि मातीतलं माप एकच येतं. स्प्रिंग निवडताना रोलर शाफ्टसकट वजनकाट्यावर ठेवा. १२ किलो भरला तर प्रत्येक बाजूला ६ किलोहून चांगला जास्त, म्हणजे ८ ते १० किलो जोर हवा, आणि तो ७ मिमीच्या फटीलाही हवा, २० मिमीच्या फटीलाही. स्प्रिंगा बसवल्यावर दांडे लावून फट परत जुळवा, कारण दोन्ही बाजू आता वेगवेगळ्या अंतराने वर गेलेल्या असतील.

आणि ते ग्रीस. उघड्या चेनवर जाड ग्रीस म्हणजे मातीच्या धुळीला आमंत्रण. धूळ आणि ग्रीस मिळून घासायची पेस्ट तयार होते, चेन आणि दाते दोन्ही खाते. चेन काढून रॉकेलमध्ये ब्रशने धुवा (भट्टीच्या खोलीत नको), पूर्ण वाळवा, एसएई ३० दाटपणाच्या तेलाचे थेंब आतल्या बाजूने पिनांच्या सांध्यांत सोडा, दहा मिनिटांनी बाहेरून कोरड्या फडक्याने पुसा. बाहेरून चेन कोरडी वाटली पाहिजे. ग्रीस फक्त ते भरायचं निपल असलेल्या बेअरिंगला, लिथियमचं, वर्षातून दोनदा, गनचे एक-दोन झटके. सरकते ब्लॉक नायलॉनचे असतील तर त्यांना काहीच नको, नुसतं ओल्या फडक्याने पुसा. गंज सोडवायचे स्प्रे नट सोडवायला उत्तम, पण त्यांचं वंगण टिकत नाही.

मोठ्या चेनचा ताणही बघा. दोन स्प्रॉकेटच्या केंद्रांत ४० सेंमी असतील तर मधे बोटाने दाबल्यावर साधारण १ सेंमी चाल हवी. तारेसारखी ताणली तर बेअरिंग जातं. फार ढिली राहिली तर चाक झटके देत फिरतं आणि स्लॅबवर एकमेकींच्या जवळ आडव्या बारीक रेघा येतात.

भट्टी१२४०

कोपरे उचलण्याचा दोष मशीनचा कमी, लाटण्याचा आणि वाळवण्याचा जास्त.

मातीचे कण चपटे असतात. एकाच दिशेने लाटत राहिलं की ते त्या दिशेने ओळीत बसतात आणि वाळताना माती दोन दिशांना सारखी आटत नाही. त्यात वरची बाजू उघडी आणि खालची फळीवर, म्हणजे वरची आधी आटते आणि कोपरे ओढून घेते. म्हणून दर फेरीला स्लॅब ९० अंशांत वळवा आणि पालथा करा. मळलेली माती आधी हाताने थापून २५-३० मिमीवर आणा, पुढची कड उतरती करा म्हणजे रोलर ती सहज धरतो. मग २० मिमी, १४, १०, आणि शेवटी ७.५. शेवटच्या फेरीत ३ मिमीपेक्षा जास्त दाबू नका. चाक फिरवायला अंग टाकावं लागत असेल तर फट कमी ठेवली आहे किंवा माती कडक आहे. कडक माती जोराने लाटली की पाइपचा रोलर मधोमध किंचित वाकतो आणि स्लॅब मध्ये जाड, कडांना पातळ निघतो. तो दोष स्क्रूने सुटत नाही, फेऱ्या वाढवूनच सुटतो.

स्लॅब हाताने उचलायचा नाही. एकदा वाकला की सरळ केला तरी माती ते विसरत नाही, भट्टीत परत वाकते. दोन फळ्यांमध्ये सँडविच करून उलटवा. दोन्ही बाजूंनी रबरी रिब (माती सपाट करायची पट्टी) घट्ट फिरवा. स्लॅब जरा ताठला, बोट लावल्यावर ठसा उमटत नाही पण थंड लागतो, तेव्हाच टाइल्स कापा. ओल्यात कापल्या की सुरीबरोबर कोपरा ओढला जातो. नंतर न रंगवलेल्या जिप्सम बोर्डवर, वर दुसरा बोर्ड, कडांवर प्लास्टिक, रोज एकदा पालथ्या. बोर्डाच्या कापलेल्या कडांना टेप लावा. जिप्समचा खडा मातीत गेला की भाजल्यानंतर काही दिवसांनी तिथून टवका उडतो.

माप: तुमच्या मातीची एकूण आटणी १२ टक्के असेल तर भाजून १५० मिमी राहायला ओली टाइल १५० ÷ ०.८८ = १७०.५ मिमी कापावी लागेल. आटणी पाकिटावर छापलेली धरू नका. तुमच्याच भट्टीत, तुमच्याच तापमानाला १०० मिमीची रेघ ओढलेली पट्टी भाजून पाहा.

मांजरपाट

९० अंशांत वळवणं टाइलला ठीक. पण ६० सेंमी लांब स्लॅब हवा असेल तर तो २४ इंची रोलरमध्ये आडवा मावणार कसा? तिथे पहिल्या दोन फेऱ्या आडव्या घ्या, स्लॅब लहान असतानाच. पुढच्या फेऱ्यांना टोक बदला, म्हणजे मागचं टोक पुढे, आणि दर वेळी पालथा. आडव्या फेऱ्यांइतका फायदा होत नाही, पण एकदिशा लाटण्यापेक्षा बरं.

भट्टी१२४०

हे मान्य. मी टाइल डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं. लांब स्लॅबला ग्रॉग थोडा वाढवला तरी फरक पडतो.

एक राहिलं. रोलरच्या फटीजवळ माती हाताने ढकलू नका, लाकडी पट्टीने ढकला. ओढणी, बांगड्या, मोकळे केस यांची काळजी घ्या. हाताने फिरवायचं मशीन आहे म्हणून ते बोट धरणार नाही असं नाही. चेनवर पत्र्याचं झाकण नसेल तर बसवून घ्या, धूळही कमी बसेल.

कुंडीवाली

उजवीकडे ०.५ आणि डावीकडे ०.१ चाल निघाली. स्प्रिंगा टाकल्या, फट परत जुळवली, आता ७.५ आणि ७.५ भरतंय. टाइल्स बोर्डांमध्ये ठेवल्या आहेत.

पण आता स्लॅब सारखा निघू लागल्यावर एक नवीच गोष्ट दिसली. लांबीच्या दिशेने मंद लाटा आहेत. एका जाड जागेपासून पुढच्या जाड जागेपर्यंत २८ सेंमी, दर वेळी तेवढंच.

लेथवरचा

२८ सेंमी म्हणजे तुमच्या रोलरचा घेर. ३ इंची पाइपचा बाहेरचा व्यास ८८.९ मिमी, गुणिले ३.१४ बरोबर २७९. रोलर गोल नाही किंवा शाफ्ट त्याच्या मध्यात बसलेला नाही. बाजारातला पाइप तसाच, लेथवर न फिरवता वापरला की हे होतं. दोन्ही रोलरचा घेर सारखा, म्हणून दोष कुणाचा ते लाटेवरून कळणार नाही. फ्रेमला जाड तार बांधून तिचं टोक रोलरला जेमतेम लागेल असं ठेवा, रोलर हळू फिरवा आणि फट कुठे उघडते, कुठे मिटते ते फीलर गेजने मापा. प्रत्येक रोलरला डावीकडे, मध्ये, उजवीकडे असं तीन ठिकाणी. ०.२ मिमीच्या आत असेल तर टाइलसाठी सोडून द्या. जास्त असेल तर तो रोलर शाफ्टसकट टर्नरकडे द्या आणि बेअरिंग बसतात त्या जागा धरून पृष्ठभागावर हलका कट मारायला सांगा. नुसता पाइप धरून कट मारला तर पाइप गोल होईल पण शाफ्ट वाकडाच राहील. परत आल्यावर व्यास थोडा कमी झालेला असेल, फट पुन्हा दांड्यांनी जुळवा. नव्या पृष्ठभागावर लगेच गंज चढतो, म्हणून पेस्ट वॅक्सचा पातळ हात देऊन कोरड्या फडक्याने चकचकीत होईपर्यंत पुसा.